वनजाक्षींचा तिसरा विडा

गोळ्यांची पट्टी हातात आली की त्या आधी ती उलटी करून मागची बाजू वाचत.

वॉर्डात शिरण्याआधी अंबाड्यातला मल्लिगेचा, मोगऱ्याचा, गजरा काढून जिन्याच्या खिडकीच्या गजाला अडकवत. दम्याच्या पेशंटना वास सोसत नाही म्हणून. परत जाताना तो घ्यायला विसरत. त्या गजावर सुकलेल्या गजऱ्यांचं तोरण झालं होतं.

“कुठली औषधं घेता?” असं त्या विचारत नसत. “सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं?” असं विचारत. मग दुसरं काय. मग तिसरं. असं करत करत माणसाला रात्रीच्या अंथरुणापर्यंत आणून सोडत.

पेशंटची पिशवी उघडली की आधी तिचा वास घेत.

जिना चढताना स्वतःशी बोलत. उतरताना गप्प असत.

डॉक्टरांनी काही विचारलं की उत्तर देण्याआधी एक प्रश्न विचारत.

इडलीचा शेवटचा घास कावळ्यासाठी ठेवत. कावळा आला नाही तर त्याच्यावर रागावत.

वनजाक्षी म्हैसूरच्या एका मोठ्या रुग्णालयात फार्मासिस्ट होत्या. शुक्रवारी त्यांनी नेहमीसारखा राउंड घेतला. रविवारी सकाळी दूध घ्यायला दारात गेल्या आणि तिथंच कोसळल्या. पन्नाशी नुकतीच उलटली होती. वॉर्डात अजूनही कुणीतरी सहज म्हणून जातं, “थांबा, वनजक्कांना विचारू,” आणि मग खाली बघतं.

त्या नंजनगुडच्या. वडील लग्नाच्या छत्रात, म्हणजे मंगल कार्यालयात, आचारी. मुलगी शाळेतून आली की थेट भटारखान्यात. वडील सांबाराच्या हंड्यात मीठ टाकत आणि विचारत, “पुरे?” ती चव घेऊन सांगायची. पण तिचं खरं काम पंगतीनंतरचं. पानांच्या ढिगापाशी मांडी घालून बसायचं, ओल्या फडक्यानं पान पुसायचं, देठ खुडायचं, बोटानं चुना फिरवायचा, सुपारी ठेवायची, घडी घालायची. लग्नघरातल्या बायका म्हणत, “या पोरीच्या हातचा विडा भाजत नाही हो.” चुना किती लावायचा हे तिच्या बोटाला समजत होतं. डोक्याला विचारावं लागत नसे.

पुढं शिकल्या, नोकरीला लागल्या, आणि कितीतरी वर्षं रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या औषधांच्या खिडकीमागे उभ्या राहिल्या. खिडकीतून माणसाचा हात दिसतो, कागद दिसतो. चेहरा दिसायला वाकावं लागतं. त्या वाकायच्या.

एकदा वरच्या मजल्यावरून एक चिठ्ठी आली. त्यात एकाच जातीची दोन वेदनाशामकं, वेगवेगळ्या नावांनी. एक गुडघ्यासाठी, एक पाठीसाठी. वनजाक्षींनी चिठ्ठी परत पाठवली. सोबत निरोप : “गुडघा आणि पाठ एकाच माणसाची आहे का?”

चिठ्ठी डॉ. बेळ्ळियप्पांची होती. कोडगूचा, म्हणजे कुर्गचा, उंच माणूस, आवाज मोठा, चिडला तर वॉर्ड दणाणायचा. तो स्वतः जिना उतरून खाली आला तेव्हा खिडकीजवळच्या मुली मागे सरकल्या. तो वाकला, आत डोकावला.

“त्या खिडकीतून तुम्हाला आणखी काय काय दिसतं?” त्यानं विचारलं.

“तुम्हाला वेळ आहे का?” वनजाक्षींनी विचारलं.

तिथून सुरुवात झाली. मंगळवारी आणि शुक्रवारी दोघं वॉर्डात एकत्र फिरू लागले. प्रत्येक पेशंटची घरची औषधांची पिशवी पलंगावर पालथी करायची आणि एकेक गोळी उचलून तिला विचारायचं, बाई, तू इथं कशाला आलीस? कुणी बोलावलं? तुझं काम झालं असेल तर जा. डॉक्टर माणसाच्या नाडीपासून निघायचे, वनजाक्षी गोळीपासून. मध्ये कुठंतरी गाठ पडायची. कधी भांडण व्हायचं. कधी डॉक्टर बरोबर निघत, कधी त्या. एका निवृत्त बस कंडक्टरची झोपेची गोळी त्यांनी हट्टानं एकदम बंद करायला लावली होती. तो म्हातारा आठवडाभर जागा राहिला आणि भिंतीवरच्या पालीला तिकिटं देऊ लागला. “गोळी देताना एक पायरी असते, वनजक्का,” डॉक्टर म्हणाले होते, “काढताना जिना असतो.” तेव्हापासून त्या काढायच्या गोळीला जास्त वेळ देत.

पुट्टतायम्मा या वॉर्डात आल्या त्या गौरी-गणपतीच्या आधीच्या आठवड्यात.

म्हैसूरच्या कडेला त्यांचा पानमळा. नवरा गेल्यावर त्यांनीच राखलेला. शेवग्या-पांगाऱ्यांवर चढवलेल्या नागवेली, मधून पाण्याचे पाट. मुलगा शिवनंजू बंगळुरात नोकरीला. तोच घेऊन आला होता. आई गेले काही आठवडे भलतंच बोलत होती. जेवत नव्हती, सारखं पाणी पीत होती, पोट साफ होत नव्हतं. दिवसा झोपायची. परवा त्याला बघून म्हणाली, “पानं न्यायला आलास का? आज तोड नाही.” पोटच्या पोराला ती पानांचा व्यापारी समजली होती.

“डॉक्टर, तिचं डोकं गेलंय का तेवढं सांगा,” शिवनंजू म्हणाला. “गेलं असेल तर मी तिला बंगळूरला नेतो. शनिवारी गाडी ठरवलीय. मळा वेलीसकट काढून टाकायचा. एक माणूस जागा बघून गेलाय. पण ती शुद्धीत असेल तर...” तो थांबला. “शुद्धीत असेल तर ती मला मळ्याला हात लावू देणार नाही, आणि मीही लावणार नाही.”

असं सगळं त्या म्हातारीच्या डोक्यावर येऊन ठेपलं होतं. शनिवारच्या आत ते जागेवर येतं की नाही.

रक्ताचा रिपोर्ट आला. कॅल्शियम फार वाढलेलं. कॅल्शियम चढलं की माणूस भ्रमिष्ट होतो, तहान लागते, आतडी आळसावतात. आता ते का चढलं, एवढाच प्रश्न उरला होता.

वनजाक्षींनी पिशवी पालथी केली. वास घेतला. आणि हसल्या.

“मिळालं बघा, डॉक्टर. तीन दारांनी आलंय.”

मनगट मोडलं तेव्हा हाडांच्या डॉक्टरनं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, त्या थांबवायचं कुणी सांगितलंच नव्हतं. जळजळीसाठी दुकानातून आणलेल्या चघळायच्या गोळ्या, त्यांतही तेच. आणि रक्तदाबाची लघवी होणारी गोळी. ती कॅल्शियम अंगातच धरून ठेवते. तीन दुकानं, तीन डॉक्टर, एक म्हातारी.

“आणखी काही घेतात का?” त्यांनी शिवनंजूला विचारलं. “सकाळी उठल्यावर तोंडात पहिलं काय जातं?”

“कॉफी.”

“मग?”

“मुद्दे, नाचणीचा उंडा तो, आणि सारू, म्हणजे सार. मग दही-भात. दुसरं काही नाही, मॅडम. काढे नाहीत, भस्म नाही. ती वैद्याकडे जात नाही.”

तिन्ही गोळ्या बंद झाल्या. सलाइन लागलं. दुसऱ्या दिवशी कॅल्शियम उतरलं. पुट्टतायम्मांनी डोळे उघडले, इकडंतिकडं बघितलं आणि पहिला शब्द उच्चारला, “चंची.”

चंची सिस्टरनं काढून कपाटात ठेवली होती. वॉर्डात पानतंबाखू चालत नाही. वनजाक्षींनी चंची उघडून बघितली. तंबाखू नव्हती. नुसती पानं, सुपारी, कात आणि पितळेचं चुनाळं. झाकण घासून घासून पातळ झालेलं.

“द्या हो, सिस्टर,” त्या म्हणाल्या. “तेवढंच मागतेय ती. खाईल तर तोंडाला चव येईल, जेवेल.”

“तुम्ही सांगताय म्हणून देते, अक्का. पिचकारी मारली तर पुसायला तुम्ही या.”

म्हातारीचे हात थरथरत होते. पान धरता येत होतं, चुना लावता येत नव्हता. ती पान पुढं करायची आणि म्हणायची, “लाव.” वनजाक्षी स्टूल ओढून बसायच्या, चुनाळं उघडायच्या आणि बोट फिरवायच्या. लग्नघरातलं बोट ते. किती वर्षांनी त्याला काम मिळालं होतं. एकदा राउंड संपताना, एकदा दुपारी, एकदा घरी जाण्याआधी. त्या नसतील तेव्हा समोरच्या पलंगाजवळच्या बाया लावून देत. म्हातारी म्हणे, “अजून लाव. मला काही लागत नाहीये.” त्या अजून लावत. आजारी माणसाच्या जिभेला चव नसते, हे त्यांना माहीत होतं.

डॉ. बेळ्ळियप्पाही राउंडला आले की एक विडा घेत. वडीलधाऱ्या बाईनं पुढं केलेलं पान नाकारायचं नसतं. “हिच्या पलंगाशी आलं की सासुरवाडीला आल्यासारखं वाटतं,” ते म्हणत, गाल फुगवून.

चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. कॅल्शियम पुन्हा चढलेलं. म्हातारी सकाळपासून खिडकीला म्हणत होती, “पाट फोडा, पाट फोडा, वेली सुकल्या.”

डॉक्टरांनी कागद वनजाक्षींच्या पुढं धरला. पॅन्ट्रीत उभे होते दोघं. कॉफीवर साय धरली.

“तिन्ही दारं बंद केली होती ना आपण?” ते म्हणाले.

“तुम्ही सलाइन कमी केलं का?”

“नाही.”

“मग चौथं दार आहे.”

“किंवा हाडांत काहीतरी लपलंय.” डॉक्टरांचा आवाज खाली आला. “गाठ असेल कुठं. ते शोधायचं तर हाडातून नमुना काढावा लागेल. या वयात सुई घालायची... आणि शिवनंजूला सांगायचं काय? आज गुरुवार.”

वनजाक्षींच्या डोक्यात दुसरंच घोळत होतं. गोळ्या बंद झाल्या की घरच्यांचा जीव वरखाली होतो, हे त्यांनी पुष्कळदा बघितलं होतं. डॉक्टरनं बंद केलेली शक्तीची गोळी घरचे गुपचूप चालू ठेवतात. प्रेमानं. दह्या-भातात कुस्करून. त्या तडक पलंगाशी गेल्या. शिवनंजू डबा उघडत होता.

“डब्यात काय आहे?”

“मोसरन्ना, मॅडम. दही-भात.”

“आणि त्यात?”

“डाळिंबाचे दाणे.”

“गोळ्या कुठं आहेत, शिवनंजू? हाडांच्या. घरी आणखी पट्ट्या असतील. खरं सांग, मी रागावणार नाही.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा बदलला.

“म्हणजे मी घालतोय असं म्हणता?”

“तसं नाही रे, पुष्कळ लोक—”

“मळा विकायचाय म्हणून आईला वेडी ठेवतोय, असंच ना?” तो उभा राहिला. बाजूच्या पलंगावरच्या बाया वळून बघू लागल्या. “तुम्ही माझ्या आईची पिशवी उलटीपालटी केलीत, मी काही बोललो नाही. आता माझ्या पोटातलं बाहेर काढताय? शनिवारची गाडी मी उद्यावर आणतो. बास झालं.”

डबा तसाच टाकून तो बाहेर गेला.

वनजाक्षी स्टुलावर बसल्या. त्यांचे कान तापले होते. हे असलं त्यांच्याकडून होत नसे. पुट्टतायम्मांनी उशीखालून एक पान काढलं, पुढं केलं.

“लाव,” त्या म्हणाल्या.

वनजाक्षींनी चुनाळं उघडलं. ते जवळजवळ रिकामं होतं. परवाच भरून आणलं होतं ना कुणीतरी? त्यांनी कडेनं खरवडून बोटावर घेतलं.

डॉक्टर मागून आले होते. आल्या आल्या त्यांनी सवयीनं म्हातारीची हनुवटी धरली. “अज्जी, जीभ.”

अज्जीनं जीभ बाहेर काढली. लाल, सालटं निघालेली, कडेला फोड.

“हे काय भाजलंय?” डॉक्टर म्हणाले. “कॉफी इतकी गरम देतात? वनजक्का, हिला कुठलं औषध असं...”

वनजाक्षींचं बोट पानाच्या वर, हवेतच थांबलं होतं. पांढरं बोट. त्या त्याच्याकडे बघत होत्या, जणू ते दुसऱ्या कुणाचं आहे.

“डॉक्टर,” त्या हळूच म्हणाल्या, “हे चुन्यानं भाजलंय.”

“हो, मग?”

“चुना.”

डॉक्टरांच्या गालात त्या वेळी विडा होता. सकाळचाच, अज्जीनं दिलेला. ते चावायचे थांबले.

“चुना म्हणजे...” ते म्हणाले.

“शाळेत शिकलोय की आपण. तुम्हीही, मीही. चुना म्हणजे कॅल्शियमच.”

अज्जी पान धरून बसली होती. “लावतेस की नाही?” ती म्हणाली.

वॉर्डातल्या एकाही माणसाला हे सुचलं नव्हतं, यात नवल नव्हतं. पान हे कुणी खाण्यात धरत नाही. औषधात तर नाहीच. पान हा मान आहे. पान दिलं-घेतलं जातं, ‘घेतलं का?’ असं विचारायची गोष्ट ती नाही. शिवनंजूनं लपवलं नव्हतं. त्याच्या आईच्या तोंडात पान नाही असा दिवसच त्यानं पाहिला नव्हता, त्याला ते दिसणार कसं? आणि ज्या बाईनं आयुष्यभर ‘तोंडात पहिलं काय जातं’ विचारलं, तिनं आपल्या बोटानं, दिवसातून तीनदा, स्टूल ओढून, चौथं दार उघडं धरलं होतं.

“मी देत होते,” वनजाक्षी म्हणाल्या.

“मी बघत होतो,” डॉक्टर म्हणाले. “बघत कसला, खात होतो.” ते बेसिनकडे गेले, विडा थुंकला, तोंड पुसत परत आले. “तीन गोळ्या थांबवून कॅल्शियम उतरलं, आणि चुन्यानं पुन्हा चढवलं. पण हे बरोबर असेलच असं नाही हं. चुना बंद करून बघू. उतरलं तर आपण मूर्ख. नाही उतरलं तर हाड.”

“मूर्ख ठरू दे देवा,” वनजाक्षी म्हणाल्या.

शिवनंजू खाली आवारात, स्कूटरच्या रांगेपाशी उभा होता. वनजाक्षी जिना उतरून त्याच्यासमोर गेल्या. बोट अजून तसंच पांढरं होतं. पुसायचं राहिलं होतं.

“तू काही दिलं नव्हतंस,” त्या म्हणाल्या. “मी दिलं.” आणि सगळं सांगितलं.

तो म्हणाला, “पानानं? आमच्या घरात पानानं कुणाला काही झालं नाही कधी.”

“एकट्या पानानं नाही रे. तीन गोळ्यांनी भांडं भरत आणलं होतं. चुन्यानं उतू गेलं.”

“आणि तुम्ही आळ माझ्यावर घेतलात.”

“घेतला. तुझा दही-भात चांगला होता.”

त्यानं तोंड फिरवलं. रागात की कशात ते कळलं नाही.

“मंगळवारपर्यंत थांब,” त्या म्हणाल्या. “मंगळवारी ती तुला पानवालाच समजली, तर गाडी मी स्वतः बोलावून देईन.”

“मंगळवार,” तो म्हणाला. “त्यापुढं नाही.”

पुट्टतायम्मांकडून चुनाळं काढून घेणं हे त्याहून अवघड गेलं.

“माझ्या नवऱ्यानं कधी माझ्या चुनाळ्याला हात लावला नाही,” ती म्हणाली. “तू कोण गं?”

“मी लावून देणारी.”

“मग लाव.”

“आता नुसतं पान खायचं, अज्जी.”

“नुसतं पान शेळ्या खातात.”

पण नुसतं पान तरी ती हातात धरून बसे. खात नसे, चाचपत असे. शनिवार गेला. रविवारी शिवनंजू बाहेरच्या बाकावर वर्तमानपत्र पांघरून झोपला. सोमवारचा रिपोर्ट थोडा बरा होता. फार नाही. जिना उतरताना, सवय मोडून, वनजाक्षी काहीतरी पुटपुटत होत्या.

मंगळवारी राउंड पलंगाशी आला तेव्हा म्हातारी उशाला टेकून बसली होती. हातात पान होतं. ती त्याला उलटं करून मागच्या शिरा बघत होती.

“हे कुणी आणलं?” तिनं विचारलं.

“मी, अज्जी,” वनजाक्षी म्हणाल्या. “देवराज मार्केटातून.”

“हे आमच्या मळ्यातलं नाही. देठ बघ किती जाड. शिळं आहे, पाणी मारून ताजं केलंय. तुला फसवलं.” मग तिची नजर दाराशी उभ्या शिवनंजूकडे गेली आणि कपाळाला आठ्या पडल्या. “शिवा, तू इथं? मग मळ्याला पाणी कोण देतंय?”

शिवनंजू एवढंच म्हणाला, “देतोय अव्वा. माणूस ठेवलाय.”

“माणूस! वेलीला माणूस कळतो का? रोजचा हात कळतो.”

डॉक्टरांनी रिपोर्टाचा कागद घडी करून खिशात घातला. वाचायची गरज उरली नव्हती. वनजाक्षी पदरानं तोंड पुसत होत्या. “डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “आपण मूर्ख ठरलो का?”

“पूर्ण,” डॉक्टर म्हणाले.

मळा राहिला. जागा बघून गेलेल्या माणसाला शिवनंजूनं स्वतः फोन करून नाही म्हटलं. त्या आठवड्यापासून वॉर्डातल्या पिशवीच्या राउंडला एक प्रश्न वाढला. “पान खाता का?” वनजाक्षी विचारत, आणि लगेच, “चुना कोण लावतं?” लोक चकित होऊन बघत. एका निवृत्त मास्तरांनी ऐकवलं, “बाई, इथं आजार बघता की सोयरीक जुळवता?”

पण पुट्टतायम्मांना दिलेला शब्द अजून बाकी होता. घरी जाताना तिनं वनजाक्षींचा हात धरला होता. “डोकं परत दिलंस, तोंड नेलंस,” ती म्हणाली. “चुन्याशिवाय रंगेल असा विडा करून दे. लग्नघरातली पोर ना तू? नाहीतर मी परत चुना लावते, आणि मग बसा तुम्ही दोघं माझं रक्त काढत.” वनजाक्षींनी हो म्हटलं होतं.

धमकी खरी होती. डॉक्टरांना ते माहीत होतं, वनजाक्षींनाही. म्हातारी मळ्यात एकटी राहणार. हाताशी पान, कोनाड्यात चुना. गोळी काढली तर तिच्या जागी काय, याचं उत्तर नसेल तर माणूस गोळीकडे परत जातो. पहिल्या तपासणीला वनजाक्षी एक विडा घेऊन आल्या. कात जास्त, बडीशेप, थोडा गूळ. अज्जीनं दोनदा चावला. “जोड्याचं कातडं,” ती म्हणाली. दुसऱ्या वेळी भाजकं खोबरं, वेलची, लवंग टोचलेली. “हा छान आहे,” ती म्हणाली. “बारशाला वाट.”

“थोडा चुना चालेल का हो, डॉक्टर?” वनजाक्षींनी विचारलं. “नखाएवढा?”

“तुमच्या नखाएवढा की तिच्या?”

यावर दोघांचा बरेच दिवस वाद चालला. डॉक्टरांचं म्हणणं, चढलेल्या कॅल्शियमनं दमलेल्या किडन्या अजून पूर्ण सावरल्या नाहीत. वनजाक्षींचं म्हणणं, अजिबात नको म्हटलं तर ती लपवून खाईल आणि मग आपल्याला कळणारही नाही. शेवटी ठरलं, तिसरा विडा चुन्याशिवायचाच. तो जमला नाही तर मग नखाचं बघू. वनजाक्षी म्हणाल्या, “जमेल. एक सुचलंय.” काय ते सांगितलं नाही. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यांनी उलट विचारलं, “तुम्हाला लहानपणी खोकल्याला आई काय द्यायची?” आणि हसल्या.

हे बोलणं त्या शेवटच्या शुक्रवारचं.

पुट्टतायम्मा पुढच्या शुक्रवारी आल्या. शिवनंजू सोबत होता, मळ्यातल्या पानांची जुडी केळीच्या सोपटात बांधून आणलेली. “कुठाय ती?” अज्जीनं आल्या आल्या विचारलं. सिस्टर आत निघून गेली. डॉक्टर बेळ्ळियप्पांनी रविवारचं सांगितलं.

अज्जीनं जुडी मांडीवर घेतली.

“माझा विडा?” मग तिनं विचारलं.

पॅन्ट्रीतल्या छोट्या फ्रिजमध्ये वनजाक्षींचा स्टीलचा डबा होता. कुणी उघडला नव्हता. डॉक्टरांनी तो आणला. आत ओल्या फडक्यात गुंडाळलेली पानं, देठ खुडलेली, पुसलेली. आठवड्यात कडेनं पिवळी पडू लागलेली. कागदाच्या पुडीत सुपारीची कात्रणं. दोन लवंगा. आणि एका झाकणाच्या वाटीत तपकिरी पूड.

डॉक्टरांनी वास घेतला. “जायफळ,” ते म्हणाले. “आणि...” त्यांना कळेना. त्यांनी वाटी शिवनंजूकडे दिली. शिवनंजूलाही कळेना. अज्जीनं हात पुढं केला.

“अज्जी, थांबा. कशाची पूड आहे ते माहीत नसताना तोंडात घालायचं नाही.”

“तीही हेच म्हणाली असती,” अज्जी म्हणाली, आणि चिमूट जिभेवर ठेवलीच.

ती डोळे मिटून बसली. जीभ टाळूला लावली, सोडली, पुन्हा लावली.

“जायफळ आहे,” ती म्हणाली. “सुंठ आहे. आणखी एक काहीतरी आहे.”

“काय?”

“ओळखीचं आहे. नाव येत नाहीये.”

तिनं मळ्यातलं एक ताजं पान काढलं, मांडीवर पसरलं, आणि पूड चिमटीत धरली. मग थांबली. पूड आधी की सुपारी आधी, किती घ्यायची, वर काय घालायचं, घडी कशी पाडायची, हे कुणालाच माहीत नव्हतं. लवंगा वाटीशेजारी तशाच पडल्या होत्या.